पाणंदीतले मांगर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही रत्नागिरीहून पावस, कशेळी, आडिवरे करत जैतापूरला गेलो. आतल्या रस्त्यांवर झाडीत अधूनमधून जुन्या कौलारू वास्तू दिसल्या, खिडक्या नसलेल्या. घरं वाटत नव्हती. हे काय असतं? पुन्हा आलो तर अशा जागा शोधायच्या कशा, आणि आत गेलेलं चालतं का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही पाहिलेत ते मांगर. सिंधुदुर्गात आणि राजापूरच्या बाजूला हाच शब्द आहे. उत्तरेकडे सरकाल तसं लोक नुसतं गोठा म्हणतील. पण मांगरात गोठ्यापेक्षा बरंच काही मावतं. खाली ढोरं, वर माळ्यावर गवत, कोपऱ्यात नांगर, जू, पावसात डोक्यावर घ्यायची इरली, आणि वैशाखात त्याच गवतात आंबे पिकायला घातलेली आढी. खिडकी नसली तरी वारा असतो, कारण भिंत छपरापर्यंत नेतच नाहीत. वर हातभर फट ठेवतात. पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात ती फट नसती तर गवत श्रावणातच कुजलं असतं.

मी शाळेत चित्रकला शिकवत होते. निवृत्त झाल्यापासून वही घेऊन मांगर काढत हिंडते, सात वह्या भरल्या. पहिली दोन वर्षं मीही तुमच्यासारखीच डांबरी रस्त्यावरून शोधत होते आणि हाताला फारसं काही लागत नव्हतं. डांबरी रस्ता गाडीच्या सोयीने आखलेला. मांगर असतो पाणंदीत, म्हणजे दोन बाजूंना जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचे गडगे (बुटक्या भिंती) आणि मधून जोत घेऊन बैल जाईल एवढी वाट. कुणकेश्वरहून मिठबावमार्गे आचऱ्याकडे जा, नाहीतर पाट-परुळ्याच्या बाजूला. गडग्यातून आत शिरणारी अशी वाट दिसली की गाडी तिथेच लावायची आणि चालायला लागायचं. वाट भातशेतीकडे किंवा वहाळाकडे (ओढ्याकडे) उतरत असेल तर मांगर बहुतेक वेळा सापडतो. जायचं ते कापणी झाल्यावर, शिमग्याच्या आधी. गवत वाळलेलं असतं, छपरं दिसतात, आणि काजू-आंब्याच्या कामाला बागेत माणसं असतात, विचारायला कुणीतरी भेटतं.

विचारल्याशिवाय आत जाऊ नका. पडका दिसला तरी मांगराला मालक असतो, बऱ्याचदा एक नाही, पंधरा असतात आणि त्यातले बारा मुंबईत. जवळच्या घरी जा, पाणी मागा, मग विषय काढा. मला पहिल्यांदा एका म्हाताऱ्या बाबांनी बजावलं होतं, "बाय, भायरसून हाक मार, मगे आत जा. आत जनावर आसता." आमच्याकडे जनावर म्हणजे साप. तेव्हापासून दारात उभं राहून दोनदा मोठ्याने खाकरते, पाय आपटते, क्षणभर थांबते आणि मगच उंबरा ओलांडते. तुम्हीही तसंच करा, पायात बूट हवेत. माळ्यावर मात्र चढू नका, वाळवीने फळी आतून पोखरलेली वरून कळत नाही.

आत गेल्यावर काय बघायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मला तेच सांगायचंय. आचऱ्याच्या अलीकडे, खाडीकडे उतरणाऱ्या एका पाणंदीत चार खांबांचा मांगर आहे. खांब किंजळीचे, तळखड्यांवर, म्हणजे दगडी बैठकींवर उभे, म्हणून ओल वर चढलेली नाही. तीन खांबांना गुडघ्याच्या वर खाच आहे, बोट आत जाईल एवढी खोल, काचेसारखी गुळगुळीत. दाव्याने झिजलेली. चौथ्या खांबाची खाच वीतभर खाली आहे. तिथे वासरू बांधत असणार. दाराशेजारच्या भिंतीवर चुन्याच्या रेघा, पाच-पाचच्या जुड्यांत. मालकीणबाई म्हणाल्या, सासरे पेंढ्या मोजून माळ्यावर चढवायचे, त्याचा हा हिशेब. शेवटच्या जुडीत तीनच रेघा आहेत. त्याच वर्षी बैल विकले, पॉवर टिलर आला. त्या रेघांसमोर मी अर्धा तास बसले होते, चित्र पुरं झालं तरी उठवत नव्हतं.

मांगराचं वय विचाराल तर लोक हमखास कौल पालथं करून दाखवतात. मंगळूरच्या बासेल मिशनच्या कौलांवर कारखान्याच्या नावाबरोबर १८६५ हा आकडा असतो. ते कारखाना सुरू झाल्याचं साल, कौल भाजल्याचं नव्हे. त्यावरून "दीडशे वर्षांचा मांगर" म्हणू नका. चिरा जास्त खरं बोलतो. हाताने तासलेल्या चिऱ्यावर तिरके, कमीजास्त खोल घाव दिसतात. यंत्राने कापलेल्यावर करवतीच्या एकसारख्या रेषा. जमिनीतून काढताना चिरा मऊ असतो, उघड्यावर राहिला की कठीण होतो, म्हणून ते जुने घाव आजही बोटाला लागतात.

प्रश्न : आम्ही गावी घर बांधतोय. जुन्या मांगराचे खांब आणि कौलं विकत मिळतील का? त्याला शोभा असते.
— वाचक, पुणे

उत्तर : मिळतात. पण मी पत्ता सांगणार नाही, राग मानू नका. वेंगुर्ल्याच्या बाजूचा एक मांगर मी तिसऱ्या वहीत काढला होता. पुढच्या वर्षी गेले तर नुसतं जोतं उरलं होतं, त्यावर रान वाढलेलं. त्याचे दोन खांब पुढे एका हॉटेलच्या ओसरीत दिसले, पॉलिश केलेले, दाव्याच्या खाचा लांबी (पुट्टी) भरून बुजवलेल्या. मांगर आपसूक पडलेला असेल, सगळ्या हिस्सेदारांची संमती असेल, तर लाकूड जरूर घ्या, कुजण्यापेक्षा बरं. उभा मांगर पाडून घेऊ नका, एवढी विनंती.

प्रश्न : देवगडजवळ आमचा सामायिक मांगर आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात कौलं उडाली, तेव्हापासून एक बाजू खचतेय. चुलते म्हणतात पत्रा टाकून मोकळे व्हा. काय करावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी चुलत्यांशी बोला, आणि फोनवर नको, गावी एकत्र असताना बोला. सातबाऱ्यावर नाव असलेल्या सगळ्यांकडून दुरुस्तीला हरकत नाही असं साध्या कागदावर लिहून घ्या. मी पाहिलेले बहुतेक मांगर वाऱ्याने पडलेले नाहीत, "तू कर, मी करतो" म्हणताना पडले आहेत. एक कौल सरकतं, किंवा माकडं फोडतात. तिथून पाणी वाशावर येतं. वाशाचं टोक भिंतीच्या वर येतं तिथेच कुजतं, मग भिंतीत पाणी उतरतं आणि मातीची असेल तर दोन पावसाळ्यांत बसते. तुमची खचलेली बाजू ही त्यातलीच असावी.

पत्र्याने गळती थांबेल, पण उन्हाळ्यात आत भट्टी होते आणि पावसाळ्यात पत्र्याला आतून घाम सुटून गवतावर ठिबकतो. गवत ठेवायचंच नसेल तर गोष्ट वेगळी. पण अजून आढी घालता ना? मग कौलंच बरी.

खर्च वाटतो तेवढा येत नाही, कारण लाकूड सगळं कुजलेलं नसतं. गावातल्या जुन्या सुताराला बोलवा, त्याला वाशांवर हातोडी वाजवू दे, आवाजावरून तो सांगेल कुठला पोकळ आहे. टोकं कुजलेल्या वाशांना ऐनाचा जोड लावता येतो, अख्खा वासा बदलायची गरज नाही. खचलेल्या बाजूला आजच टेकू द्या. कौलं उतरवताना फुटकी वेगळी काढा, चांगली आतल्या बाजूला रचून ठेवा, आणि आढ्याची कौलं सगळ्यात शेवटी बसवा. वळचणीत साचलेला पातेरा (पालापाचोळा) दरवर्षी काढायचा, तेवढं काम शेजारच्या कुणाला तरी मजुरी देऊन लावून ठेवा. हे सगळं मेच्या पहिल्या पंधरवड्यात उरकायला हवं, म्हणजे सुताराला आत्ताच सांगून ठेवा. एप्रिलमध्ये तो आंब्याच्या पेट्यांच्या कामात असतो, मिळणार नाही.

काम काढण्याआधी आत जाऊन खांब नीट बघून घ्या, दाव्याच्या खाचा असतील तर सुताराला त्या रंधू देऊ नका. आणि मला कळवा, मी वही घेऊन येईन.