आदिवासी पाड्यांसाठी आमदार सभागृहात नेमकं काय करू शकतो?

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडच्या पाड्यावर ना रस्ता, ना डॉक्टर. मग आमदाराने विधानसभेत प्रश्न विचारून काय होतं, असं तुम्ही विचारलंय. होतं, पण प्रश्न नेमका हवा.

"आरोग्यसेवा सुधारणार का?" असं विचारलं की मंत्री "कार्यवाही सुरू आहे" म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी अक्कलकुवा-धडगावच्या अमुक आरोग्य केंद्रात मंजूर पदं किती, रिक्त किती, कधीपासून, असा तारांकित प्रश्न टाकला तर उत्तर सभागृहात तोंडी द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्नही विचारता येतात. प्रकरण तातडीचं असेल तर लक्षवेधी सूचना, म्हणजे त्या विषयाकडे सभागृहात मंत्र्यांचं लक्ष वेधून उत्तर मागणं, हा मार्ग आहेच. मंत्र्यांनी दिलेला शब्द पाळला का, हे आश्वासन समिती तपासते. माझ्या मते खरी ताकद इथेच आहे, आणि लोकांना हीच कमी माहीत असते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या विधानसभेच्या चारही जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. चौघांनी मिळून एकच विषय लावून धरला, तर कुठल्याही सरकारला तो टाळणं जड जाईल.

तुम्ही एवढं करा: ग्रामसभेचा ठराव, तारखा आणि रिक्त पदांची यादी अधिवेशनाच्या बऱ्याच आधी आमदारांकडे द्या. प्रश्नांची सूचना आगाऊ द्यावी लागते.