रोलीफ्लेक्ससाठी मुदत ठेव मोडावी का?

प्रश्न: माझं वय ४३, नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. सिन्नरला मामांचा फोटो स्टुडिओ होता. २०१४ साली मामा गेले, तेव्हा मामींनी त्यांचा याशिका मॅट १२४ जी कॅमेरा मला दिला; तो तेव्हापासून कपाटातच आहे. गोदाकाठी फिरत फोटो काढायची इच्छा आहे. मुंबईतले एक ज्येष्ठ संग्राहक आपले तीन ट्विन लेन्स (वर-खाली दोन लेन्स असलेले) कॅमेरे एकत्र विकत आहेत: रोलीफ्लेक्स २.८ एफ १ लाख ९० हजारांना, दोन जोडी लेन्ससह मामिया सी ३३० ६५ हजारांना आणि मिनोल्टा ऑटोकॉर्ड ४५ हजारांना. एकूण ३ लाख. दहा वर्षांत किमती दुप्पट झाल्या आहेत आणि हे कॅमेरे आता कोणी बनवत नाही, म्हणून ही सोन्यासारखी गुंतवणूक आहे असं ते म्हणतात. माझ्याकडे ४ लाखांची मुदत ठेव आहे. ती मोडू की पर्सनल लोन घेऊ? दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख २० हजार. गृहकर्जाचा हप्ता २४,५००, घरखर्च ५८ हजार, विम्याचे हप्ते महिन्याला सरासरी ४,५००, एसआयपी १२ हजार. मुलगी नववीत आहे. पत्नीशी अजून बोललेलो नाही.

उत्तर: ठेव मोडू नका, कर्जही काढू नका आणि तिन्ही कॅमेरे एकदम घेऊ नका. पण या हौसेचा नाद सोडा असं मी सांगणार नाही. तिच्यासाठी तुमच्याकडे पैसे आहेत, फक्त ते त्या ठेवीत नाहीत. ते दर महिन्याच्या शिलकीत आहेत.

आधी ठेवीचं बोलू. हप्ता, घरखर्च आणि विमा मिळून तुम्हाला महिन्याला ८७ हजार लागतात. म्हणजे ४ लाखांत तुमचं घर साडेचार महिने चालेल. ही तुमची अडीअडचणीची एकमेव गंगाजळी आहे, आणि मी तर ती सहा महिन्यांची, म्हणजे सव्वापाच लाखांची करा असं सांगणार होते. त्यातून ३ लाख काढलेत की उरतो जेमतेम सव्वा महिना. कारखान्यात ले-ऑफ झाला किंवा घरात कोणाचं ऑपरेशन निघालं, तर आधी हे कॅमेरेच पडेल त्या किमतीला विकावे लागतील, आणि अडलेल्या माणसाच्या वस्तूला बाजारात काय भाव मिळतो हे मी वेगळं सांगायला नको. पर्सनल लोनचा तर विचारच नको. हौसेच्या वस्तूवर बारा-चौदा टक्के व्याज भरत बसलात, तर कॅमेरा हातात घेताना आनंद होण्याऐवजी हप्त्याची तारीख आठवेल.

आता गुंतवणुकीचा दावा. संग्राहकांचं म्हणणं शब्दशः खरं मानू या. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साधारण ७.२ टक्के. बहात्तरला वर्षांनी भागा, उत्तर मिळतं. पण हा कागदावरचा भाव झाला. तुम्ही विकायला जाल तेव्हा दुकानदार स्वतःचा नफा आणि दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव सांगणार. समजा, ३ लाखांचे ६ लाख झाले आणि विकताना पंचवीस टक्के गेले, तर हातात येतील साडेचार. दहा वर्षांत तिन्ही कॅमेऱ्यांचं दोनदा सर्व्हिसिंग करावं लागेल. प्रत्येक वेळी कॅमेऱ्यामागे १० हजार धरले, तर ६० हजार गेले. राहिले ३ लाख ९० हजार. म्हणजे वर्षाला अडीच-पावणेतीन टक्के, आणि तेही भाव खरोखर दुप्पट झाला तर. सोनं कुठल्याही गावात, कुठल्याही सकाळी विकता येतं. रोलीफ्लेक्सला गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि ते गिऱ्हाईक आधी लेन्समधून टॉर्च मारून बघतं.

‘आता कोणी बनवत नाही’ याने भाव चढतो, आणि याच कारणाने जोखीमही वाढते. ब्राउनश्वाइगच्या फ्रांके आणि हायडेके कंपनीने पहिला रोलीफ्लेक्स १९२९ साली आणला. पुढे हे कॅमेरे लाखोंनी बनले. तेव्हा आजचा हुकला तर पुन्हा मिळणार नाही अशी ही वस्तू नाही. पण सुटे भाग नव्याने मिळत नाहीत आणि हे काम जाणणारे कारागीर वयस्कर होत चालले आहेत. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅमेरा चालतो रोलवर. याच कंपनीने १२७ नंबरच्या रोलवर चालणारा छोटा, राखाडी रंगाचा देखणा ‘बेबी’ रोलीफ्लेक्स काढला होता. कोडॅकने १९९५ साली तो रोल बंद केला आणि बरेचसे बेबी रोली शोकेसमध्ये जाऊन बसले. तुमच्या तिन्ही कॅमेऱ्यांना लागणारा १२० चा रोल आजही बनतो, पण बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. फुजीने आपला अ‍ॅक्रॉस हा ब्लॅक अँड व्हाइट रोल २०१८ मध्ये बंद केला आणि २०१९ मध्ये नव्या रूपात परत आणला. एका कंपनीच्या एका निर्णयावर ज्या वस्तूचा उपयोग अवलंबून आहे, तिच्यात मुलीच्या शिक्षणाला लागू शकणारे पैसे अडकवायचे नसतात.

तुमच्या पत्रात एका आकड्याचा उल्लेखच नाही, आणि माझ्या मते सगळ्यात मोठा आकडा तोच आहे. रोलचा खर्च. १२० च्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघतात. ब्लॅक अँड व्हाइट रोल, धुलाई, स्कॅनिंग आणि कुरिअर मिळून १,४०० रुपये धरू. एक फोटो ११७ रुपयांना पडला. महिन्याला दोन रोल म्हणजे २,८००, वर्षाला ३३,६००, दहा वर्षांत ३ लाख ३६ हजार, आणि यात महागाई धरलेलीच नाही. तीन कॅमेऱ्यांच्या किमतीपेक्षा हे जास्त आहेत! कॅमेरा एकदा घेतला की खर्च संपला असं वाटतं. खरं तर तो तिथून सुरू होतो. रंगीत रोल घेतलात तर आकडा आणखी चढेल. उलट ब्लॅक अँड व्हाइट घरीच धुवायला शिकलात तर बराच खाली येईल: एक टाकी, डी-७६ सारखा डेव्हलपर (फोटो उमटवणारं रसायन), फिक्सर (तो टिकवणारं रसायन) आणि रोल टाकीत भरण्यापुरता काळोख. या रसायनांना लागणारं वीस अंशांचं पाणी नाशिकच्या मे महिन्यात नळाला येणार नाही, तेव्हा बर्फाच्या पाण्यात बाटल्या ठेवाव्या लागतील, एवढंच.

आणखी एक गोष्ट तुम्हाला आत्ताच ठरवावी लागेल. हे कॅमेरे वापरायचे आहेत की जपायचे? तुमच्या पत्रात दोन्ही इच्छा एकत्र आल्या आहेत, पण पैशांच्या दृष्टीने त्या एकमेकींच्या विरुद्ध जातात. संग्राहक पैसे मोजतो ते मूळ चामड्याला, मूळ हुडला, ओरखडा नसलेल्या नावपट्टीला आणि सोबतच्या टोपीला. वापरणाऱ्याला हवा असतो उजळ ग्राउंड ग्लास (ज्यावर प्रतिमा दिसते ती काच), साफ शटर, नवीन आरसा. ग्राउंड ग्लास बदललात की तुमचं काम सोपं होतं आणि संग्राहकाच्या लेखी वस्तू मूळ राहत नाही. आणि न वापरता जपायचं म्हटलं तरी शटरचं तेल घट्ट होतं, एका सेकंदाचा वेग दोन सेकंद घेऊ लागतो.

बुरशीबद्दल मी थोडी आग्रहाने लिहिते, कारण ते घरात पाहिलं आहे. माझ्या वडिलांचा याशिका डी रत्नागिरीच्या घरी लाकडी कपाटात, त्याच्या चामड्याच्या केसमध्ये नीट बंद करून ठेवला होता. केस म्हणजे सुरक्षित, असंच आम्हा सगळ्यांना वाटायचं. चामडं ओल धरतं. आठ पावसाळ्यांनंतर उघडला तेव्हा दोन्ही लेन्समध्ये कोळ्याचं जाळं पसरावं तशी बुरशी होती आणि खालच्या लेन्सचं कोटिंग खाल्लं गेलं होतं. तो कॅमेरा त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षाच्या बचतीतून आला होता. म्हणून सांगते, कॅमेरा केसबाहेर ठेवा, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, आणि जेल ओलं झालं की बदला. दोन-तीन कॅमेरे झाले तर ड्राय कॅबिनेट घ्या, आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. हाही खर्च हौसेच्या हिशेबात धरा.

मग करायचं काय? सुरुवात मामांच्या याशिकापासून करा. १२४ जी काही दुय्यम कॅमेरा नाही. १९७० ते १९८६ पर्यंत तो बनत होता, आणि आपल्याकडच्या किती तरी स्टुडिओंची लग्नं-मुंजी याशिकावर निघाल्या आहेत. त्याची लेन्स चार भिंगांची, टेसर पद्धतीची. रोलीफ्लेक्स २.८ एफ मधली प्लॅनार किंवा झेनोटार लेन्स पाच भिंगांची आणि अधिक उजेड घेणारी. लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तर फरक दिसतो, पण एफ ८ वर, म्हणजे छिद्र बरंच लहान करून, काढलेल्या फोटोच्या दहा इंची प्रिंटमध्ये १ लाख ८० हजारांचा फरक मला तरी दिसलेला नाही. याशिकाच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही. मोबाइलवरचं लाइट मीटर पुरतं. सर्व्हिसिंगला ८ हजार धरा. मागच्या झाकणाचा स्पंज बदलून घ्यायला सांगा, या वयात त्याचा भुगा झालेला असतो.

तुमची महिन्याची शिल्लक २१ हजार आहे. त्यातले ९ हजार गंगाजळीत घाला. चौदा महिन्यांत ती सव्वापाच लाखांच्या जवळ पोचेल. ८ हजार हौसेचे, वेगळ्या खात्यात. त्यातून २,८०० चे दोन रोल, उरलेले ५,२०० साठवायचे. ४ हजार मोकळे ठेवा, सण आणि प्रवास येतातच. वर्षाअखेर सर्व्हिसिंग वजा जाऊन हौसेच्या खात्यात ५४,४०० असतील. तेवढ्यात ऑटोकॉर्डच्या दर्जाचा कॅमेरा रोख येतो. तरीही २.८ एफ च हवा असेल, तर याच गतीने तीन वर्षं दोन महिने लागतील. तेव्हा मुलगी बारावीला असेल, आणि तिच्या प्रवेशाच्या पैशांना हात न लावता तुम्ही तो घेतलेला असेल. गंगाजळी भरली की मोकळे होणारे ९ हजार मात्र तिच्या शिक्षणाकडेच वळवा.

महिन्याला दोन रोल हा आकडा मी मुद्दाम धरला आहे. या वर्षात तुम्ही खरंच चोवीस रोल काढलेत, डाव्या-उजव्याची उलट दिसणारी प्रतिमा हाताच्या सवयीची झाली, छातीशी धरलेल्या कॅमेऱ्यात वाकून बघणं आवडलं, तर पुढचा कॅमेरा कुठला हे तुम्हालाच कळेल. पाच रोलवर थांबलात, तर ३ लाख वाचले.

मामिया मात्र मी यादीतून काढूनच टाकते. लेन्स बदलता येणारा तो फार उपयुक्त कॅमेरा आहे, स्टुडिओत पोर्ट्रेट काढणाऱ्याला तर उत्तम, पण दीड किलोहून जड आहे आणि तुमच्या पत्रात तुम्ही गोदाकाठी फिरत फोटो काढायचं म्हणता.

कधीही घ्याल तेव्हा एक रोल काढून, धुवून बघितल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. चांगला विक्रेता याला हरकत घेत नाही. मागचं झाकण उघडून, छिद्र पूर्ण उघडं ठेवून टॉर्च मारा: बुरशी आणि भिंगांचा सुटलेला जोड त्यात दिसतो. एका सेकंदाचा वेग घड्याळावर मोजा. परदेशातून मागवणार असाल तर सीमाशुल्क आणि जीएसटी धरून किंमत विचारा.

कराचं थोडक्यात: स्वतःच्या वापराची जंगम वस्तू विकून नफा झाला तर एरवी तो भांडवली नफ्यात येत नाही, दागिने, चित्रं, कलावस्तू यांना ही सूट नाही. पण एकामागून एक कॅमेरे घेऊन विकू लागलात, तर तो धंदा मानला जाऊ शकतो. घराच्या विमा पॉलिसीत महागडा कॅमेरा वेगळा नोंदवावा लागतो, म्हणून पावती आणि नंबर जपून ठेवा.

पत्नीशी आज संध्याकाळीच बोला. त्या ठेवीत त्यांच्या पगाराचेही पैसे आहेत, आणि हौसेच्या ८ हजारांना त्यांची संमती असली तर तुम्हाला एकही रोल लपवावा लागणार नाही. त्यांनाही दरमहा स्वतःसाठी काही हवं असेल; ते मोकळे ४ हजार त्यासाठीच कामी येतील.

आणि याशिका दुरुस्तीला देण्याआधी एक काळजी घ्या. मागचं झाकण लगेच उघडू नका. आधी बाजूचा फोटो मोजणारा आकडा बघा. झाकण उघडलं की तो आपोआप सुरुवातीला जातो; म्हणून आत्ता तो १ ते १२ च्या मध्ये कुठे असेल, तर आत रोल असण्याची दाट शक्यता आहे. लेन्सवर टोपी लावा, उरलेले फोटो तसेच अंधारात मारा, हँडल फिरवून रोल पूर्ण गुंडाळून घ्या आणि मगच काळोख्या खोलीत झाकण उघडा. रोल निघाला तर धुणाऱ्याला तो किती जुना आहे ते सांगा. मामांनी त्यावर शेवटचं काय टिपलं होतं, ते कदाचित अजून त्यात असेल.