कीबोर्डखालची रॅम बदलताना

प्रश्न : बागेचे हिशेब आणि आंब्याच्या मागण्या ज्यावर ठेवतो, त्या जुन्या लॅपटॉपची रॅम 4 जीबीवरून 8 जीबी करायची आहे. तिची जागा कीबोर्डच्या खाली आहे आणि तिथली पातळ केबल तुटेल अशी भीती वाटते. दुरुस्तीसाठी कणकवली गाठावी लागते. हे काम घरी करावे का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : अवश्य करा, मात्र आपल्या मॉडेलची सर्व्हिस पुस्तिका आधी वाचा. रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असेल, तर ती बदलता येत नाही. लॅपटॉपच्या डीडीआर3 रॅमला 204 आणि डीडीआर4 रॅमला 260 पिना असतात, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

चार्जर आणि बॅटरी काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने तळाचे स्क्रू गंजलेले असण्याची शक्यता बरीच आहे. नेमक्या मापाचा स्क्रूड्रायव्हर वरून पुरेसा दाब देऊन फिरवला नाही, तर स्क्रूचे डोके झिजते आणि मग खरोखरच कणकवली गाठावी लागते.

कीबोर्ड सुटला की तो झटक्याने उचलू नका. दोन बोटे उंच करून खाली डोकावा, कारण केबल आखूड असते. ती ज्या सॉकेटमध्ये शिरते, त्यावर बहुधा काळ्या किंवा तपकिरी प्लास्टिकची नखाएवढ्या जाडीची खिटी असते. काही सॉकेटांत ती वर उघडते, काहींत दोन्ही टोकांनी किंचित पुढे सरकते. कोणत्या प्रकारची आहे हे विजेरीच्या उजेडात पाहिल्याशिवाय तिला हात लावू नये. खिटी मोकळी झाल्यावर केबल सरळ रेषेत, जवळजवळ जोर न लावता बाहेर येते. येत नसेल, तर खिटी अजून अडकलेली आहे असे समजा. माझ्या मते केबलपेक्षा ही खिटीच अधिक लवकर मोडते.

आपल्याकडच्या दमट हवेत अंगावर स्थिर वीज कमी साठते, तरीही रॅम हाताळण्यापूर्वी एखाद्या जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करा आणि ती कडांनीच धरा. दोन्ही बाजूंचे चाप बाहेर ढकलताच जुनी रॅम आपोआप तिरकी उठते. नवी रॅम तशीच तिरकी, सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा होईपर्यंत आत सरकवा आणि मग चाप लागेपर्यंत खाली दाबा.

सुरू केल्यावर पडदा काळाच राहिला, तर घाबरू नका. बॅटरी पुन्हा काढून रॅम नव्याने बसवा. काही कळा चालत नसतील, तर केबल सॉकेटमध्ये वाकडी गेलेली असते.