वाचकांचे प्रश्न : मागावरच्या टोळीचे दोष

प्रश्न : मी गेली काही वर्षे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात राहतो. तेथील एका शेतकरी मित्रामुळे हिवाळ्यातील सशांच्या शिकारीची गोडी लागली आणि आज माझ्याकडे बीगल या वासावरून माग काढणाऱ्या लहान जातीची चार कुत्री आहेत. थोरली मादी अचूक माग काढते. परंतु दीड वर्षाचा एक नर माग असो वा नसो, सारखा भुंकत राहतो. बाकीची कुत्री त्याच्याकडे धाव घेतात, मादीने धरलेला खरा माग तुटतो आणि ससा निसटतो. भुंकल्यावर सौम्य झटका देणारा गळपट्टा वापरावा, असे काही जण सुचवतात. आपले मत काय?

उत्तर : गळपट्टा तूर्त बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. भुंकणे हा बीगलचा दोष नसून त्याच्या कामाचा भाग आहे. आपण राहता तेथील कॉटनटेल जातीचा रानससा उठवल्यावर सहसा फार लांब पळत नाही. ओळखीच्या टापूत वळसा घेऊन तो जिथून उठला त्याच्या आसपास परत येतो, आणि शिकारी नेमका कोठे उभा राहायचा हे कुत्र्यांच्या आवाजावरूनच ठरवतो. झटक्याच्या भीतीने मुका झालेला कुत्रा मागावर एकटाच पुढे निघून जातो; त्याची खबर टोळीला लागत नाही आणि आपल्यालाही लागत नाही. बडबड्या कुत्र्याची खोड पुष्कळदा मोडते, मुक्याला पुन्हा बोलते करणे मात्र फार अवघड असते.

आधी तो कशामुळे भुंकतो, हे पाहावे. अमेरिकन केनेल क्लब या कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, बीगलचे माग काढणे जोखणाऱ्या चाचण्यांच्या नियमांत, आपण वर्णन केलेल्या गोंधळाचे दोन निराळे दोष मानलेले आहेत. एक म्हणजे उत्साहाच्या भरात गरजेपेक्षा जास्त आवाज करणे, एकाच जागेचा वास पुन्हा पुन्हा घेऊन भुंकणे, किंवा तुटलेला माग शोधतानाच भुंकत सुटणे. दुसरा म्हणजे माग नसताना तो सापडल्याचे सोंग आणून आवाज देत पुढे सरकणे. पहिला पोरकटपणा आहे, दुसरा लबाडी आहे, आणि दोन्हींचे उपाय एक नाहीत. लबाडी पक्की झालेला कुत्रा टोळीबाहेर काढावाच लागतो, कारण त्याच्यावर विश्वास ठेवायला शिकलेली बाकीची कुत्रीही हळूहळू बिघडतात. परंतु दीड वर्षाच्या नराविषयी इतक्या लवकर तसा निकाल देऊ नये.

त्याला काही वेळा एकट्याला सोडून पाहावे. एकटा असताना तो वास लागेपर्यंत गप्प राहत असेल आणि टोळीत आल्यावरच बडबडत असेल, तर दोष त्याच्या नाकात नाही. टोळीच्या चालीत आहे. बहुतेक वेळा आपली मादी त्याच्यापेक्षा वेगवान तरी असते किंवा हळू तरी. मागे पडणारा तरुण कुत्रा लक्ष वेधण्यासाठी आवाज करतो आणि मध्येच वाट तोडून पुढे जाण्याचा प्रयत्न करतो. पुढे धावणारा कुत्रा ससा वळला तरी सरळ जातो आणि वास सुटल्यानंतरही केवळ आवेशात भुंकत राहतो. म्हणून टोळी जमवताना रंग, वंशावळ आणि ढालीवरची नावे पाहण्याआधी चाल जुळते का ते पाहावे. टोळीत जे दोष म्हणून नोंदले जातात, त्यांपैकी निम्मे तरी वेगाच्या विजोडपणातून निघतात, असे मला वाटते. त्या नराला मादीबरोबर न सोडता, त्याच्याच चालीच्या पण संयमी, प्रौढ कुत्र्याबरोबर या हंगामापुरते सोडावे.

एकटा असतानाही तो भुंकत असेल, तर तो कोठे भुंकतो ते पाहावे. ससा तासाभरापूर्वी जेथून गेला होता तेथे भुंकत असेल, तर त्याचे नाक तीक्ष्ण आहे आणि फक्त अनुभव कमी आहे. ताजा माग वारंवार मिळाला की शिळ्या मागाची गोडी आपोआप सुटते. तो हरणाच्या मागावर भुंकत असेल, तर मात्र तेथल्या तेथे थांबवावे. पेनसिल्व्हेनियात कुत्र्यांनी हरणाचा पाठलाग करणे कायद्याविरुद्ध आहे, आणि हरणाच्या मागे लागलेले बीगल मैलोन्‌मैल दूर जाऊन रस्त्यावर गाडीखाली सापडू शकते. झटक्याचा गळपट्टा मला पटतो तो याच एका कामासाठी, तोही कुत्रा निश्चितपणे हरणामागेच आहे हे डोळ्यांनी पाहिल्यानंतर आणि जाणकाराच्या हाताखाली.

आता थोडे आपल्याविषयी. खोट्या भुंकण्याच्या दिशेने आपण आणि आपले मित्र लगबगीने जात असाल, तर आपणच त्याला बक्षीस देत आहात. भुंकले की माणसे येतात आणि उत्साहाने हाका मारतात, हे कुत्रा दोन-तीन फेऱ्यांत शिकतो. तो भुंकला तरी आपण मादीकडे पाहत उभे राहावे, आणि ती बोलली तरच पाऊल उचलावे. गोठलेली कोरडी पाने, सुसाट वारा आणि लख्ख ऊन असलेल्या दिवशी कोणत्याही कुत्र्याविषयी मत बनवू नये; वास जमिनीवर टिकत नसेल तर उत्तम टोळीही अडखळते. ओलसर जमीन आणि मंद वारा असलेल्या सकाळी जो चुकतो, त्याचीच चूक मनावर घ्यावी.

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये घोडेस्वारीसाठी अशा एका मंडळात जाते, जिथे ब्लडहाउंड या तीक्ष्ण नाकाच्या मोठ्या कुत्र्यांची टोळी प्राण्याचा नव्हे, तर पुढे धावत गेलेल्या माणसाचा माग काढते. धावणारा वळला की टोळी बरीच पुढे निघून जाते, मग विखुरते आणि एक-दोन कुत्री उलट दिशेने माग काढू लागतात. टोळीप्रमुखाला वाट ठाऊक असल्याने तो शिंग फुंकून त्यांना योग्य जागी नेतो. तिच्या मते यानेच टोळी बिघडते. तिचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : तिचे म्हणणे बहुतांशी बरोबर आहे. या प्रकारात धावणाऱ्याच्या बुटांना वा कपड्यांना कोणतेही उग्र द्रव्य लावलेले नसते. त्याच्या अंगाचा नैसर्गिक वास हाच माग असतो. खऱ्या सशाने किंवा कोल्ह्याने कोठे वळण घेतले, हे माणसाला कधीच ठाऊक नसते, येथे मात्र वाट आधीच आखलेली असते, आणि म्हणूनच मदत करण्याचा मोह फार प्रबळ होतो. प्रत्येक तुटीवर प्रमुख येऊन वाट दाखवतो, असे एकदा कळले की टोळीची डोकी जमिनीवरून वर उठतात आणि ती वासाऐवजी माणसाकडे पाहू लागतात. वळणावर पुढे निघून जाण्याचा दोष अशा वेळी कुत्र्यांचा राहत नाही.

तरीही वळण ओलांडून काही अंतर पुढे जाणे हा स्वतः दोष नव्हे. वेगात असलेल्या टोळीला वास संपल्याचे जाणवायला क्षणभर लागतोच, आणि वारा आडवा असेल तर ती माग सोडूनही वारा ज्या बाजूला वास वाहून नेतो त्या बाजूने, मागाला समांतर, बिनचूक धावते. दोष ठरतो तो त्यानंतरच्या वागण्यावरून. चांगली टोळी पुढे गेल्याचे जाणवताच आवाज बंद करते, वास शेवटचा पक्का लागला होता तिथपर्यंत मागे येते आणि तेथून जवळच्या जवळ घेरे घेत शोधते. लगेच लांब-लांब वळसे घेणारा किंवा बाकीचे शोधत असताना आडवाटेने पुढच्या झुडपाकडे धावणारा कुत्रा कधीकधी माग पटकन मिळवून देतो, म्हणून तो लोकांना हुशार वाटतो. परंतु तो टोळीची सचोटी मोडत असतो.

उलट्या दिशेचे म्हणाल, तर कुत्र्याला दिशा ओळखता येत नाही असे नाही. पाठोपाठच्या ठशांतील वासाच्या ताजेपणात अगदी किंचित फरक असतो आणि त्यावरून ती ठरवता येते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, माणसाच्या पाच पावलांच्या मागावरून काही कुत्र्यांनी योग्य दिशा निवडली होती, तीन पावलांवर मात्र त्यांना ते जमले नाही. घाईत, घोड्यांच्या टापा पाठीमागे वाजत असताना, हे पाच ठसे हुंगायला वेळच मिळत नाही. तेव्हा पहिली सुधारणा स्वारांनी करावी. टोळी थांबली की घोडे तेथेच, दूर अंतरावर, गप्प उभे राहावेत. मग प्रमुखाने टोळीला स्वतः शोधू द्यावे, आणि तिने आपले सर्व प्रयत्न संपवून मान वर केली तरच तिला हलवावे. वाट आखलेली असण्याचा एक मोठा फायदाही आहे, तो फारसा कोणी घेत नाही: सरावाच्या दिवशी वळणाच्या जागी कुंपणावर चिंधी बांधून ठेवली, तर कोण किती पुढे गेला, कोण आधी परतला आणि उलट दिशेला सुरुवात नेमकी कोणी केली, हे लांबून बिनचूक पाहता येते. बहुधा सुरुवात करणारा एकच असतो आणि बाकीचे त्याच्या आवाजामागे जातात.

प्रश्न : सोलापूर जिल्ह्यात माझ्याकडे दोन कारवानी आणि एक बीगल आहे. तिघांची टोळी करून माग काढायला शिकवता येईल का?

उत्तर : तिघांची एक टोळी होणार नाही. कारवानी नजरेने पाठलाग करणारा कुत्रा आहे. सावज दिसले की तो सुटतो, दिसेनासे झाले की थांबतो, आणि बीगल जमिनीला नाक लावून दहा पावले जाईपर्यंत तो शेताच्या दुसऱ्या बांधावर पोहोचलेला असतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातील ससा वा कोल्हा यांच्यामागे कुत्री सोडणे हा गुन्हा आहे, त्यामुळे हे शिक्षण फक्त कृत्रिम मागावरच करावे. बीगलला एकट्याला घ्यावे. कोंबडी शिजवलेल्या पाण्यात भिजवलेले गोणपाट दोरीने ओढत पन्नास-साठ पावले सरळ न्यावे आणि शेवटी खाऊ ठेवावा. काही दिवसांनी त्यात एक वळण घालावे. सोलापूरच्या उन्हात हे सूर्य वर येण्याआधीच उरकावे, कारण तापलेल्या कोरड्या मातीवर वास टिकत नाही आणि कुत्र्याचे पायही भाजतात. कारवानींना त्या वेळी घरी बांधून ठेवावे; ती सोबत असतील तर बीगल जमिनीचा वास सोडून त्यांच्याच मागे धावेल.