जिम्नीला ऑनिंग लावायचंय, 270 डिग्रीवालं घेऊ की साधं?

तुमचा प्रश्न असा की पाच दारांची जिम्नी आहे, राहायला मुंबईत फ्लॅटमध्ये, तुम्ही दोघं आणि शाळेत जाणारी मुलगी, कॅम्पिंग बहुतेक कोकणात नाहीतर घाटावर, आणि गाडीच्या छताला लावायचं ऑनिंग, म्हणजे गुंडाळून ठेवायचं आणि थांबल्यावर बाजूला उघडायचं कापडी छप्पर, घ्यायचंय तर मागच्या दारापर्यंत वळसा घालून उघडणारं 270 डिग्रीवालं घ्यावं की साधं बाजूला ओढायचं.

साधं घ्या. 2 मीटर बाय 2 मीटरचं, डाव्या बाजूला, आणि त्याच पैशात बसत असेल तर एक साइड वॉल, म्हणजे कडेला लटकवायची कापडी भिंत, घ्या. व्हिडिओमध्ये 270 भारी दिसतं हे खरंय, पण ते व्हिडिओ बहुतेक ऑस्ट्रेलियातले असतात, कोरडी मोकळी जमीन आणि मोठ्या गाड्या. आपल्याकडे ऑनिंग कसं उघडतं यापेक्षा ते पाणी कसं टाकतं, वाऱ्यात कसं टिकतं आणि ओलं झाल्यावर तुम्ही ते घरी कुठे वाळवणार, यावर सगळं ठरतं.

आधी वजन. साधं 2 बाय 2 चं ऑनिंग दहा-बारा किलोच्या आसपास असतं, 270 वालं वीस-पंचवीस किलो आणि त्याच्या पुढे. त्यात कॅरिअरचं स्वतःचं वजन धरायचं, ते लोक हमखास विसरतात. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीला छतावर 30 किलोची मर्यादा दिलेली आहे. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो बघा आणि लक्षात ठेवा की तो चालत्या गाडीसाठी असतो, त्यात कॅरिअर, ऑनिंग, ब्रॅकेट, नट-बोल्ट सगळं आलं. 270 चा अजून एक त्रास म्हणजे सगळं वजन एकाच बाजूला आणि उघडल्यावर मागच्या एका बिजागरीवर लटकतं, छोट्या गाडीवर वारा आला की छताला बसणारा ओढा तुम्हाला आत बसून जाणवतो.

आता पाणी, आणि हा भाग नीट वाचा. 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. 2 बाय 2 म्हणजे 4 चौरस मीटर, त्यावर 10 मिलिमीटर पडला तर 40 लिटर, म्हणजे 40 किलो. 270 चं कापड साधारण नऊ-दहा चौरस मीटर असतं, तिथे तोच पाऊस 100 किलोच्या घरात जातो. मुंबईकरांना 26 जुलै 2005 चे सांताक्रूझचे 944 मिलिमीटर पाठ आहेत, तो दिवस बाजूला ठेवू, पण कोकणात ऑक्टोबरच्या संध्याकाळी गडगडाट होऊन पाऊण तासात वीस मिलिमीटर पडणं ही काही मोठी गोष्ट नाही. पाणी वाहून गेलं तर काहीच बिघडत नाही, साचलं तर कापडाला पोटासारखा फुगवटा येतो, त्यात अजून पाणी येतं, आणि मग एक पोल सरकतो नाहीतर आडवी दांडी वाकते.

म्हणून उतार द्यायचा. पण जिम्नीची उंची 1720 मिलिमीटर, कॅरिअर धरून ऑनिंग लागणार 1.8-1.9 मीटरवर, म्हणजे बाहेरची पूर्ण कड खाली घेतली तर कुणाला सरळ उभं राहता येणार नाही. तेव्हा पूर्ण कड न उतरवता फक्त एक बाहेरचा कोपरा वीत-दीड वीत खाली घ्या, मागच्या बाजूचा नको, तिथून सामान काढता-घालता, पुढच्या टायरकडचा घ्या. सगळं पाणी त्या एका कोपऱ्यातून पडतं आणि खाली बादली ठेवली तर भांडी धुवायला पाणीही मिळतं. कापड ताणून बसवा, सैल कापडाला कितीही उतार दिला तरी मधे पाणी थांबतंच. आणि रात्री झोपायला जाताना आभाळ भरलेलं असेल तर सरळ गुंडाळून टाका, झोपेत कुणी पाणी झटकायला उठत नाही. भर जुलैत आंबोली किंवा ताम्हिणीकडे ऑनिंगच्या भरवशावर मुक्काम करायचा विचार असेल तर तो सोडा, त्या पावसात घर शोधा, शिवाय धबधब्यांच्या जागी पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांची बंदी असते ती आधी बघून घ्या.

ऊन. लोकांना वाटतं ऑनिंग उघडलं की सावली आली, तसं नसतं. मे महिन्याच्या मध्यात आपल्याकडे दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, तेव्हा सावली बरोबर कापडाखाली पडते, ठीक. पण एप्रिलमध्ये साडेचार-पाचच्या सुमाराला सूर्य साधारण 30 अंशांवर आलेला असतो आणि दोन मीटर उंचीवरच्या कापडाची सावली तिथून साडेतीन मीटर लांब सरकते, म्हणजे तुम्ही खुर्ची टाकून बसलात तिथे कडक ऊन आणि सावली पलीकडे कुणाच्या कुंपणात. यावर उपाय गाडी उभी करण्यात आहे. दुपारनंतर थांबणार असाल तर गाडीचं तोंड दक्षिणेला करा. डावी बाजू पूर्वेला येते, गाडी तुमच्या आणि सूर्याच्या मधे येते, आणि 30 अंशांवर जिम्नीची स्वतःची सावली जवळजवळ तीन मीटर पडते, म्हणजे ऑनिंगखालची सगळी जागा गाडीच झाकून टाकते. थंडीत सूर्य नैर्ऋत्येकडे कललेला असतो तेव्हा तोंड थोडं आग्नेयेकडे वळवा. सकाळच्या मुक्कामाला उलट, तोंड उत्तरेला.

याचा दुसरा फायदा वाऱ्याचा. कोकणात दुपारपासून समुद्राकडून खारे वारे सुटतात, पश्चिमेकडून, आणि दक्षिणेला तोंड करून उभी असलेली गाडी तेच वारे अडवते. ऑनिंग पश्चिमेला उघडलं असतं तर तोच वारा खालून शिरून कापड वर उचलतो, आणि चार चौरस मीटर कापड म्हणजे लहान शीडच असतं. पहाटे मतलई वारे जमिनीकडून येतात पण ते सहसा मंद असतात, तेवढं चालतं. साइड वॉल घ्या म्हटलं ते याचसाठी, एका बाजूची भिंत लावली की तिरकं ऊन, वारा आणि पावसाची झड तिन्ही अडतात, त्यापुढे 270 चा मोठा पंखा मला तरी कमी कामाचा वाटतो.

डावी बाजू का, तर आपण रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावतो, मग तुम्ही ट्रॅफिककडे पाठ करून सुरक्षित बाजूला उतरता, मुलगी सोबत असताना हे फार महत्त्वाचं आहे. ऑनलाइन मागवत असाल तर इथे सांभाळा: अमेरिकन मालावर ‘पॅसेंजर साइड’ लिहिलेलं असतं ती त्यांची उजवी बाजू. साधं ऑनिंग एक वेळ फिरवून कुठल्याही बाजूला लावता येतं, 270 मध्ये डावं आणि उजवं वेगळं बनतं, ते फिरत नाही. जिम्नीचं मागचं दार आडवं उघडतं, ते पूर्ण उघडल्यावर ऑनिंगच्या दांडीला किंवा पोलला घासतंय का तेही बसवताना उघडून बघायचं.

कापडाबद्दल माझं मत ठाम आहे. ज्यांना कॅनव्हास आवडतो त्यांना तो का आवडतो ते मला कळतं, जाड रिपस्टॉप पॉलिकॉटन उन्हात खूप थंड राहतं, वाऱ्यात फडफडत नाही, आवाज कमी. पण ते पाणी धरतं आणि वाळायला वेळ घेतं, आणि तुम्ही राहता मुंबईत. कोरड्या हवेच्या गावात अंगण असेल तर कॅनव्हास घ्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने 420डी किंवा 600डी (डी म्हणजे डेनिअर, धाग्याच्या जाडीचं माप) ऑक्सफर्ड पॉलिएस्टर घ्यावं, पीयू म्हणजे पॉलियुरेथेन कोटिंगचं, वॉटरप्रूफ रेटिंग (किती उंच पाण्याचा दाब कापड सोसतं ते) 2000 मिलिमीटर किंवा वर, शिवणींना आतून टेप लावलेली. शिवणीची टेप नसेल तर ते ऑनिंग परत द्या, पाणी कापडातून नाही, सुईच्या भोकांतून येतं.

रविवारी रात्री तुम्ही ओलं ऑनिंग कव्हरमध्ये गुंडाळून परत येणार, हे होणारच. ते तसंच राहिलं तर आपल्या दमट हवेत तीन-चार दिवसांत कुबट वास सुटतो, मग काळे ठिपके, आणि ती बुरशी एकदा शिवणीत बसली की जात नाही. पीयू कोटिंग ओलसर राहिलं की काही वर्षांत चिकट होऊन सोलपटायला लागतं, तेही याच कारणाने. त्यामुळे सोमवारी संध्याकाळपर्यंत ते उघडलं गेलंच पाहिजे. गच्चीची किल्ली सेक्रेटरीकडे असते की वॉचमनकडे हे ट्रिपच्या आधी विचारून ठेवा, पाण्याच्या टाकीचा कठडा आणि केबलच्या पाइपमधे दोरी बांधली की दोन मीटर कापड आरामात लटकतं. गच्ची मिळत नसेल तर गॅलरीच्या ग्रिलला अर्ध-अर्ध करून उलटपालट टाका, फॅन लावा. समुद्रकिनाऱ्यावरून आला असाल तर वाळवण्याआधी साध्या पाण्याचा हात फिरवा, विशेषतः चेन, पोलचे जोड आणि बिजागऱ्यांवर. ॲल्युमिनियमच्या पेटीला साधे लोखंडी स्क्रू असतील तर खाऱ्या हवेत पांढरी पूड धरते आणि स्क्रू जाम होतात, ते सगळे स्टेनलेसचे करून घ्या आणि बसवताना थोडं ग्रीस लावा म्हणजे पुढे सुटतात. नागदेवी स्ट्रीटला कुठल्याही मापाचा स्टेनलेस नट-बोल्ट सुटा मिळतो, खाऱ्या हवेत टिकणारा 316 ग्रेड मागा. 270 चं कापड असं गच्चीत वाळवायला दोन माणसं लागतात आणि सगळी गच्ची अडते, म्हणून माझा त्याला एवढा विरोध.

बसवण्याबद्दल. जिम्नीच्या छताच्या दोन्ही कडांना पन्हळ आहे, तिला क्लॅम्प होणारा कॅरिअर मिळतो, तोच घ्या, बॉडीत ड्रिल किंवा वेल्डिंग अजिबात नको. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 गाडीत बदल करण्याबद्दल आहे आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाहीत असं सांगितलंय, त्यामुळे जे सुटं करता येतं तेच लावा आणि ट्रिप संपली की ऑनिंग उतरवून घरात ठेवा. ते शहरात छतावर ठेवायचं तसंही कारण नाही, कव्हर उन्हाने फुकट कडक होतं. तुमच्या बिल्डिंगमध्ये स्टॅक पार्किंग असेल तर ऑनिंगसकट गाडीची उंची टेपने मोजा आणि पॅलेटवरची मोकळी उंची मोजा, मगच गाडी वर चढवा.

ब्रॅकेटला लॉक नट लावा आणि निघाल्यावर पहिल्या चहाला थांबाल तिथे प्रत्येक नट हाताने हलवून बघा, मुंबई-गोवा हायवेच्या ज्या पट्ट्यात काम चालू असतं तिथे सगळं सैल होतं. कॅरिअर आणि पेटीमधे रबराची पट्टी टाकली तर आवाजही जातो.

ऑनिंगसोबत येणाऱ्या बारीक खुंट्या आपल्या जमिनीत काही कामाच्या नाहीत. कोकणच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, जांभा असतो, खुंटी दोन बोटं जाते आणि वाकते, तिथे दोरी मोठ्या दगडाला बांधा किंवा 20 लिटरची पाण्याची भरलेली कॅन पोलच्या बुंध्याशी ठेवा, वीस किलो वजन आयतं मिळतं. वाळूत खुंटी धरतच नाही, पिशवीत वाळू भरून, दोरी बांधून, ती हातभर खोल पुरा. लाल मातीत फूटभर लांबीची लोखंडी खुंटी लोहाराकडून करून घेतलीत तर ती जन्मभर पुरेल. शांत वाटलं तरी दोऱ्या बांधल्याशिवाय ऑनिंगखाली बसू नका. किनाऱ्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, गाडी पुळणीवर उतरवू नका, पोलीस कारवाई करतात हे एक, आणि वेळास-आंजर्ल्याकडे थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं त्याच वाळूत अंडी घालतात हे त्याहून मोठं. वाळूच्या अलीकडे, सुरूच्या बनाच्या कडेला कुणाची वाडी असेल तर विचारून थांबा, कोकणात माणसं नाही म्हणत नाहीत सहसा.

स्टोव्ह ऑनिंगच्या बाहेरच्या कडेला, वारा ज्वाळा कापडापासून लांब नेईल असा. पॉलिएस्टर पेट घेण्याआधी वितळतं आणि वितळलेला थेंब अंगावर पडतो. भिंती बंद करून आत स्वयंपाक अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शेकोटी चांगली पाच-सहा मीटर लांब, एक ठिणगी उडाली तरी कापडाला भोक पडतं.

270 कुणी घ्यावं, तर ज्यांच्याकडे मोठी गाडी आहे, मागे फळी काढून स्वयंपाकाची सोय केलेली आहे, एका जागी तीन-चार दिवस थांबतात आणि परत आल्यावर ते उघडून ठेवायला जागा आहे. तुमचं आज इथे उद्या तिथे असं असेल तर रोज ते उघडणं-आवरणं अंगावर येईल.

विकत घेताना दुकानात एकच करा, ताईंना किंवा तुम्हाला, जो कोणी कमी उंचीचा असेल त्याला एकट्याने ते उघडून परत गुंडाळून चेन लावायला सांगा. चेन ओढताना कापड दाबून कोंबावं लागत असेल तर कव्हर लहान शिवलंय, ओलं झाल्यावर कापड अजून फुगणार आणि तिथे चेन तुटणार, दुसरा मॉडेल बघा.