गच्चीवरचा टाइमलॅप्स धक्के का खातो

टाइमलॅप्ससाठी, म्हणजे फोटो जोडून व्हिडिओ करायला, मुलुंडच्या गच्चीवरून तुम्ही 30 सेकंदांचं एक्स्पोजर (फोटोसाठी प्रकाश घेण्याचा वेळ) ठेवून दर 2 मिनिटांनी एक असे 120 फोटो काढलेत. आकाश नारिंगी आलं आणि व्हिडिओत तारे धक्के खात पळतात, हा तुमचा प्रश्न. कॅमेरा ठीक आहे, कॅमेऱ्यासोबत येणारी 18-55ची किट लेन्सही पुरते. उगाच पैसे घालू नका.

आकाश तासाला 15 अंश फिरतं. 2 मिनिटांत अर्धा अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीइतकं. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर तुमची 4 तासांची जागरणं जेमतेम 5 सेकंदांत संपली! दोन फोटोंमधलं अंतर 20 सेकंदांवर आणा. 300 फोटो, 1 तास 40 मिनिटं, 12 सेकंदांचा व्हिडिओ. ढगांसाठी मात्र हे अंतर 2-3 सेकंदच.

आता नारिंगी आकाशाचं. एक्स्पोजर 5 सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) 400 पासून सुरुवात. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ऑटोवर नको, फोटो रॉमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारता येतील अशा कच्च्या फाइलमध्ये. एवढ्यात व्याध, रोहिणी, मृगाचा पट्टा छान येतात. आकाशगंगेचा हट्ट मात्र मुंबईत सोडा.

ताऱ्यांच्या रेषा हव्या असतील तर हिशेब बदलतो. तिथे फोटोंमध्ये सेकंदभराचीच फट ठेवायची, नाहीतर रेष तुटक दिसते. फोटोतले दाणे कमी करणारं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद करा, त्यात प्रत्येक फोटोमागे तितकाच वेळ जातो. ध्रुव मुंबईतून फक्त 19 अंश वर असतो, समोरची बिल्डिंग त्याला सहज झाकते. मग पूर्वेला वळा. मृगाच्या पट्ट्याजवळ रेषा जवळजवळ सरळ येतात आणि मला त्या ध्रुवाभोवतीच्या वर्तुळांपेक्षा जास्त आवडतात.

व्हिडिओ लुकलुकत असेल तर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडं ठेवा. थोडं बंद केलेलं अ‍ॅपर्चर दर फोटोला अगदी तेवढंच मिटत नाही.

पुढे शहराबाहेर वांगणीला जालच, तेव्हा लेन्सवर साचणाऱ्या दवाचं ध्यानात असू द्या. फेब्रुवारीतल्या एका रात्री वृश्चिक वर येत होता, मी चटईवर निवांत पडलो होतो. घरी येऊन पाहिलं तर पावणेतीननंतरचा प्रत्येक तारा कापसाच्या बोंडासारखा. पुन्हा तसं आकाश मिळायला वर्ष गेलं. तेव्हापासून लेन्सभोवती हात शेकायची गरम पुडी रबरबँडने बांधतो आणि दोन फोटोंच्या फटीत लाल टॉर्च तिरपा धरून काच बघतो.