पहिला लांबचा रूट आखताना

सोलापूरहून लाँगबोर्डवर (लांब स्केटबोर्डवर) निघायचं, तर तुळजापूरचा मोह सध्या बाजूला ठेव. अंतर 45 किलोमीटरच्या आसपासच आहे, पण शेवटी घाट लागतो, आणि परतीच्या उतारावर पायाने ब्रेक मारणं नवख्याचं काम नाही. अक्कलकोट रोड त्यामानाने सपाट.

आधी बाईकवरून सावकाश रस्ता बघून ये. नकाशावर डांबर कसंय ते कळत नाही. खडी वर आलेली असेल तर तळपायाला मुंग्या येतात, वेग मरतो. तिथे 90 मिमीच्या पुढची मऊ चाकंच हवीत. गाळपाच्या हंगामात ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडकी जपून टाळ. एक जरी चाकाखाली आलं, तर बोर्ड मागे आणि तू पुढे!

जाताना वारा समोरून घे, म्हणजे दमल्यावर तो पाठीशी राहील. एप्रिल-मेमध्ये पहाटेच निघ, नऊच्या आत थांब.